सुपरहिरो कॉमिक्समधल्या अजस्र वास्तू आणि यंत्रं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१. सुपरहिरो कॉमिक्समधली सगळ्यात मोठी वास्तू कोणती? एका ओळीत सांगा.

कुणीतरी मुद्दाम बांधलेली आणि आत राहता येईल अशी वास्तू म्हणाल, तर मार्व्हल या प्रकाशनाच्या गॅलॅक्टसचं, म्हणजे ग्रह गिळणाऱ्या महाकायाचं, यान-घर 'टा टू'. बांधकामाची अट सोडली, तर डीसी या दुसऱ्या प्रकाशनाच्या विश्वाच्या कडेला उभी असलेली सोर्स वॉल. पण ती इमारत कमी आणि विश्वाची सीमा जास्त, म्हणून या यादीत आम्ही तिला पहिला नंबर देत नाही. टा टूबद्दल सविस्तर प्रश्न ३ मध्ये.

२. ईगो नावाचा जिवंत ग्रह आहे, मोगो आहे. ते यादीत का नाहीत?

कारण ते पात्र आहेत, बांधकाम नव्हे. ईगो 'थॉर'च्या अंक १३२ मध्ये (सप्टेंबर १९६६) आला, मोगो 'ग्रीन लँटर्न'च्या अंक १८८ मध्ये (मे १९८५). दोघंही स्वतःच्या मनाने वागतात, आणि मोगो तर ग्रीन लँटर्न या अंतराळ-पोलीस दलाचा सदस्यच आहे. त्याला वास्तू म्हणणं म्हणजे हवालदाराला पोलीस चौकी म्हणण्यासारखं. क्राकोआ या जिवंत बेटालाही हाच नियम लागू. मेलेल्या देहात वस्ती केली असेल तर मात्र गोष्ट वेगळी, ती प्रश्न ९ मध्ये आहे.

३. टा टू नेमकं केवढं आहे? आणि १९६६च्या कथेतलं गोल यान तेच का?

नाही, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. 'फॅन्टास्टिक फोर'च्या अंक ४८ ते ५० या कथेत (मार्च ते मे १९६६, लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी) तीन वेगळ्या गोष्टी आहेत. गॅलॅक्टस पृथ्वीवर येतो ते गोल यान ही पहिली. फॅन्टास्टिक फोर या चौकडीचं मुख्यालय असलेल्या बॅक्स्टर बिल्डिंगच्या गच्चीवर तो जोडत बसतो ते ग्रहाची ऊर्जा शोषणारं यंत्र ही दुसरी. तिसरी म्हणजे त्याचं खरं घर. वॉचर हा परग्रहावरचा निरीक्षक चौकडीतल्या जॉनी स्टॉर्मला अल्टिमेट नलिफायर हे महासंहारक शस्त्र आणायला तिथेच पाठवतो. जॉनी परततो तेव्हा तिथला आकार पाहूनच तो हादरलेला असतो. या घराला पुढे टा टू हे नाव मिळालं. टा हा गॅलॅक्टसचा, म्हणजे मूळच्या गॅलनचा, आधीच्या विश्वातला ग्रह.

टा टूचा आकार पीळ दिलेल्या पट्टीसारखा, मोबिअस पट्टीचा. ते ग्रहांना खुजं करतं आणि त्याची तुलना सूर्यमालेशी केली जाते. किलोमीटरमधला आकडा शोधत बसू नका. तुलना शब्दशः घेतली तर काय होतं ते मात्र बघता येतं. नेपच्यूनची कक्षा सूर्यापासून साधारण ४५० कोटी किमीवर आहे, म्हणजे व्यास ९०० कोटी किमी. एका टोकाला दिलेला हुकूम दुसऱ्या टोकाला पोहोचायला प्रकाशाच्या वेगानेही आठ तासांहून जास्त लागतील. दार लाव म्हटलं, की ते संध्याकाळी लागणार! एवढी घन वस्तू स्वतःच्या गुरुत्वाने कोसळून गोळा व्हायला हवी, हा मुद्दा वेगळाच. गॅलॅक्टसकडे वैश्विक शक्ती असल्यामुळे कथेत तो प्रश्न कुणी काढत नाही.

४. गॅलॅक्टस स्वतः केवढा? कधी इमारतीएवढा, कधी ग्रहाएवढा दिसतो.

मार्व्हलच्या अधिकृत हँडबुकात २८ फूट ९ इंच. पण 'फॅन्टास्टिक फोर'च्या अंक २६२ मध्ये (जानेवारी १९८४) जॉन बर्नने स्पष्ट केलं, की प्रत्येक प्रजातीला गॅलॅक्टस आपल्यासारख्या रूपात दिसतो. त्यामुळे चित्रावरून त्याची उंची मोजण्यात अर्थ नाही, आणि त्याला पट्टी धरून त्याच्या यंत्रांची मोजणी करणं त्याहून चुकीचं. बॅक्स्टर बिल्डिंगच्या गच्चीवरचं यंत्र मोजायचं असेल, तर शेजारच्या इमारतींचे मजले मोजा.

५. हेलिकॅरिअर खरंच उडेल का? इंजिनीअरिंगच्या मुलांकडून हा प्रश्न हमखास येतो.

शिल्ड या मार्व्हलमधल्या हेरसंस्थेचं हेलिकॅरिअर, म्हणजे उडती विमानवाहू नौका, 'स्ट्रेंज टेल्स'च्या अंक १३५ मध्ये (ऑगस्ट १९६५) आलं. त्याची लांबी चित्रकारागणिक बदलते, म्हणून हिशेबासाठी खरी विमानवाहू नौका घेऊ. अमेरिकेची निमिट्झ वर्गातली नौका ३३३ मीटर लांब आणि सुमारे १ लाख टनांची असते.

चार पंखे धरा, प्रत्येकाचा व्यास ५० मीटर. पात्यांनी झाकलेलं एकूण क्षेत्रफळ होतं सुमारे ७,८५० चौरस मीटर. नौका नुसती अधांतरी ठेवायला ९८ कोटी न्यूटन बल लागतं. हेलिकॉप्टरच्या साध्या सूत्रात हे घातलं (बल भागिले हवेची घनता आणि क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराची दुप्पट, आणि त्याचं वर्गमूळ), तर पंख्यातून जाणाऱ्या हवेचा वेग येतो सेकंदाला सुमारे २२५ मीटर. खाली जाताना तो दुप्पट होतो, म्हणजे सेकंदाला ४५० मीटर. ध्वनीचा वेग जमिनीलगत ३४० मीटर आहे. इथे सूत्रच मोडतं, कारण ते इतक्या वेगवान हवेसाठी नाही. खालच्या शहराचं काय होईल ते तर विचारूच नका.

आता शक्ती. बल गुणिले वेग, म्हणजे सुमारे २२० गिगावॉट, तीही पंख्यांत काहीही वाया जात नाही असं धरून. कोयनेचा प्रकल्प १,९६० मेगावॉटचा. म्हणजे शंभराहून जास्त कोयना एका जहाजाच्या पोटात. निमिट्झच्या दोन अणुभट्ट्या पंख्यांना साधारण २०० मेगावॉटच देतात, तेव्हा तूट हजारपट आहे.

पंखे मोठे केले तर? व्यास दुप्पट केला की वेग आणि शक्ती दोन्ही निम्म्यावर येतात. १०० मीटरच्या पंख्यांना ११० गिगावॉट लागतील. तरी अशक्यच, आणि ३३३ मीटरच्या नौकेला असे चार पंखे लावायचे कुठे? लेखकांनी पुढे टोनी स्टार्कचं (म्हणजे आयर्न मॅनचं) रिपल्सर तंत्र आणलं हा त्यातला शहाणा मार्ग. हवा ढकलायचीच नाही म्हटलं की हा सगळा हिशेब गळून पडतो.

६. एकाच वस्तूचे तीन-तीन आकडे सापडतात. खरा कोणता धरायचा?

आम्ही पाळतो तो क्रम असा. कथेत एखाद्या जाणकार पात्राने किंवा निवेदनाने सांगितलेला आकडा पहिला. त्याला विरोध नसेल तर प्रकाशकाचं हँडबुक. मार्व्हलचं १९८३ पासून मार्क ग्रुनवाल्डच्या देखरेखीखाली निघालं, डीसीचं 'हूज हू' १९८५ पासून. चित्रावरून मोजलेला आकडा सगळ्यात शेवटी. चाहत्यांच्या विकीवरचा आकडा मूळ अंकाचा उल्लेख नसेल तर सोडून द्या, कारण तो बहुधा याच तिघांपैकी कशातून तरी घसरत आलेला असतो.

अपवाद एक. बढाईखोर खलनायकाच्या तोंडचा आकडा पहिल्या वर्गात मोडत नाही, तो जाहिरातीत मोडतो.

७. चित्रावरून उंची-लांबी कशी मोजायची?

आधी चौकट निवडा. पानभर पसरलेली भव्य चौकट टाळा. तिथे चित्रकाराने परिणामासाठी सगळं ताणलेलं असतं, आणि कर्बीच्या दोन-पानी चित्रांत तर हमखास. मधल्या अंतरावरून, बाजूने काढलेली साधी चौकट शोधा.

मग ज्याचं माप माहीत आहे अशी वस्तू त्याच खोलीवर, म्हणजे बघणाऱ्यापासून तितक्याच अंतरावर, आहे का बघा. माणूस १.७५ मीटर, ऑफिसच्या इमारतीचा मजला साधारण ३.५ मीटर, एफ-१४ विमान १९.१ मीटर. समजा डेकवरचं विमान पट्टीने १२ मिमी भरलं आणि पूर्ण डेक २३० मिमी. २३० भागिले १२, गुणिले १९.१, म्हणजे ३६६ मीटर. विमान मोजताना तुमची १ मिमी चूक झाली, तर उत्तर सुमारे ३० मीटरने हलतं, म्हणून निकाल '३४० ते ४०० मीटर' असाच लिहा. दशांश चिन्ह देऊ नका.

सर्वांत मोठी चूक खोलीची. पुढे उभा माणूस आणि मागे यंत्र असेल, तर यंत्र प्रत्यक्षाहून लहान भरतं. शक्य असेल तर वस्तूच्या दोन्ही टोकांजवळची एकेक पट्टी घ्या आणि दोन्ही उत्तरं लिहा. ती दुपटीने वेगळी आली, तर ती चौकटच रद्द करा.

८. माणसासारख्या आकृतीचं सगळ्यात मोठं यंत्र कोणतं? सेंटिनेल का?

सेंटिनेल, म्हणजे म्युटंटांना (जन्मजात अचाट शक्ती असलेल्यांना) पकडणारे रोबो, या स्पर्धेत फारच खाली. ते 'एक्स-मेन'च्या अंक १४ मध्ये (नोव्हेंबर १९६५) आले, आणि साधा सेंटिनेल दोन-तीन मजल्यांपलीकडे जात नाही. त्यांना बनवणारा मास्टर मोल्ड बराच मोठा, पण त्याचं महत्त्व उंचीत नाही. तो चालता-बोलता कारखाना आहे, आणि बिघाडही तिथेच झाला. म्युटंटांपासून माणसांचं रक्षण कर, एवढी आज्ञा दिली. माणसांवर राज्य करणं हाच रक्षणाचा खात्रीचा मार्ग, असा अर्थ यंत्रांनी काढला. शेवटी निर्माता बोलिव्हर ट्रास्कलाच अंक १६ मध्ये जिवावर उदार होऊन तो उडवावा लागला. बंद करायचं बटण यंत्राच्याच ताब्यात असण्याची ही चूक सेंटिनेलांच्या प्रत्येक पुढच्या आवृत्तीत पुन्हा दिसते.

उंचीचा मान गॉडकिलरला. किरन गिलनने लिहिलेल्या 'आयर्न मॅन' मालिकेत (२०१३) आलेलं हे चिलखत सेलेस्टियल नावाच्या अंतराळ-देवांना मारण्यासाठी बांधलेलं, सुमारे २५,००० फूट उंच. म्हणजे ७,६२० मीटर, एव्हरेस्टपेक्षा साधारण सव्वा किलोमीटर कमी. समुद्रकिनाऱ्यावर उभं केलं तरी डोक्यातल्या चालकाला प्राणवायूचा मुखवटा लागेल. सर्वसाधारण सेलेस्टियल हँडबुकाप्रमाणे २,००० फूट, म्हणजे ६१० मीटर. मग त्यांच्यासाठी याहून लहान चिलखत पुरलं नसतं का, असं कुणी विचारतं. एक्झिटार हा त्यांच्यातला संहारक सुमारे २०,००० फुटांचा आहे, म्हणून नसतं पुरलं.

९. सेलेस्टियल जमिनीवर उभा राहिला तर काय होईल? आणि त्यांच्या मृतदेहात वस्ती आहे ती वास्तू धरायची का?

पहिल्याचं उत्तर हिशेबात आहे. जॅक कर्बीने 'द इटर्नल्स'मध्ये (१९७६) आणलेले हे महाकाय ६१० मीटरचे, म्हणजे माणसाच्या साधारण ३४० पट उंच. उंची ३४० पट झाली की तळव्याचं क्षेत्रफळ ३४० च्या वर्गाने वाढतं, वजन मात्र घनाने. म्हणजे तळव्याखालचा दाब ३४० पट. उभ्या माणसाखालचा दाब सुमारे २० किलोपास्कल. सेलेस्टियलचं शरीर आपल्याएवढंच दाट असेल, तर त्याच्याखाली येतो ६.८ मेगापास्कलच्या आसपास. साध्या मातीला ०.२-०.३ मेगापास्कलच झेपतात, तेव्हा ती पायाखाली फाटेल. चांगला बेसाल्ट १०० मेगापास्कलच्या वर सहज सोसतो. पोलादी शरीर धरलं तर दाब आठपट होऊन ५० च्या पुढे जाईल, तरी बेसाल्ट तगेल. काळ्या मातीत तो रुतेल, सह्याद्रीच्या कातळावर उभा राहील. जमिनीपेक्षा हाडाचा प्रश्न अवघड. मानवी हाड साधारण १७० मेगापास्कलला चिरडतं, आणि पायाच्या हाडावर उभ्यानेच १ मेगापास्कलच्या घरातला ताण असतो. ३४० पटीने तो हाडाच्या मर्यादेच्या दुप्पट. म्हणून आत हाड नसून दुसरं काही आहे हे कॉमिक्समध्ये गृहीत आहे.

दुसऱ्याचं उत्तर : हो, धरायची. नोव्हेअर म्हणजे एका सेलेस्टियलचं छाटलेलं मुंडकं. ते 'नोव्हा' मालिकेच्या अंक ८ मध्ये (२००८) ॲबनेट आणि लॅनिंग यांनी आणलं. आत बाजार, बंदर, पहारा, आणि सुरक्षेचा प्रमुख कॉस्मो नावाचा रशियन कुत्रा. तो देह आता पात्र नाही, त्याच्या भिंती लोक वापरतात. ॲव्हेंजर्स माउंटन हे त्याचंच दुसरं उदाहरण. जेसन एरनच्या २०१८च्या मालिकेत उत्तर ध्रुवावर मेलेल्या सेलेस्टियलच्या देहात ॲव्हेंजर्सनी मुक्काम केला. नोव्हेअरवाल्याचा शिरच्छेद नल नावाच्या खलनायकाने केला हे २०१८च्या 'व्हेनम'मध्ये उघड झालं, म्हणजे मुंडकं कुणाचं हा वाद सुटायला दहा वर्षं लागली.

१०. ताऱ्याभोवती कवच बांधलेलं कॉमिक आहे का?

आहे. जोनाथन हिकमनच्या ॲव्हेंजर्स मालिकांत (२०१२-१५) टोनी स्टार्क सूर्याची ऊर्जा वापरणारं 'सोल्स हॅमर' हे शस्त्र उभं करतो. मूळ कल्पना भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसनच्या १९६० च्या लेखातली. अखंड कवचात तीन अडचणी असतात. पहिली, साहित्य. पृथ्वीच्या कक्षेएवढ्या गोलाचं क्षेत्रफळ पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या ५५ कोटी पट. गुरू ग्रह पुरा फोडला तरी कवचाची जाडी दोन-तीन मीटर भरेल. दुसरी, पकड. पोकळ गोलाचं आतल्या वस्तूवर निव्वळ गुरुत्व शून्य असतं. म्हणजे तारा कवचाला मध्यभागी धरून ठेवत नाही, आणि जरासा धक्का लागला की कवच सरकत सरकत ताऱ्यावर आदळतं. तिसरी, उष्णता. कवच बाहेरच्या बाजूने उष्णता फेकतं तेव्हा त्याचं तापमान सुमारे १२० अंश सेल्सिअसवर स्थिरावतं. म्हणून डायसनच्या कल्पनेतही सुट्या तुकड्यांचा थवाच शक्य आहे.

'हाऊस ऑफ एक्स' (२०१९) मधला ऑर्किस या म्युटंटविरोधी संघटनेचा तळ सूर्याजवळ आहे, सूर्याभोवती नाही. तिथलं मदर मोल्ड (मास्टर मोल्ड बनवणारं यंत्र) अंक ४ मध्ये सूर्यात पाडलं जातं. दोन्हीची सरमिसळ करू नये.

११. वॉरवर्ल्ड ग्रह की यंत्र?

यंत्रच. 'डीसी कॉमिक्स प्रेझेंट्स'च्या अंक २७ मध्ये (नोव्हेंबर १९८०) लेन वीन आणि जिम स्टार्लिन यांनी मॉन्गुल या खलनायकासोबत आणलं. हा ग्रहाएवढा शस्त्रसाठा चालू करायला स्फटिकाची किल्ली लागते आणि चालवायला एकच मेंदू. त्या मेंदूवर येणारा ताण हाच त्याचा दोष. अंक २८ मध्ये सुपरमॅन आणि सुपरगर्ल यांचं काम त्यामुळेच सोपं होतं. शेकडो चालक लागतील तिथे एक माणूस बसवला की काय होतं, याचं इतकं सरळ उदाहरण दुसरं नाही. नंतरच्या दशकांतलं वॉरवर्ल्ड बरंच बदललं, तेव्हा अंक बघितल्याशिवाय त्याबद्दल काही ठासून सांगू नका.

१२. कँडोर शहर बाटलीत मावतं. मग ते मोठ्या वास्तूंत येतं का?

मूळ आकाराने, हो. 'ॲक्शन कॉमिक्स'च्या अंक २४२ मध्ये (जुलै १९५८) ब्रेनिॲक या खलनायकाने सुपरमॅनच्या क्रिप्टॉन या जन्मग्रहावरचं अख्खं शहर आकसून बाटलीत ठेवल्याचं कळतं. १९७९ मध्ये सुपरमॅनने ते पुन्हा मोठं केलं. यादीत आम्ही बांधल्या वेळचा आकार धरतो, तो पुढे कुणी बदलला तरी. याच नियमाने अँट-मॅनने फुगवलेल्या वस्तू यादीबाहेर जातात.

१३. आकाराच्या मानाने सगळ्यात जड वस्तू कोणती? मोठी असायची गरज नाही.

सुपरमॅनच्या गुप्त ठिकाणाची, फोर्ट्रेस ऑफ सॉलिट्यूडची, किल्ली. १९५८ मध्ये ही किल्ली म्हणजे विमानांना दिशा दाखवणाऱ्या खुणेसारखा दिसणारा प्रचंड सोनेरी बाण होती. 'ऑल-स्टार सुपरमॅन'च्या अंक २ मध्ये (२००६) ती हातात मावते, पण खुज्या ताऱ्याच्या द्रव्याची असून पाच लाख टन वजनाची. उचलू शकणारा एकच, म्हणून दुसऱ्या कुलपाची गरजच नाही.

इथे एक खोच आहे. श्वेत बटू या खुज्या ताऱ्याचं द्रव्य घनसेंटिमीटरला साधारण एक टन भरतं, तेव्हा पाच लाख टनांना अर्धा घनमीटर जागा लागेल. किल्ली तेवढी नाही. न्यूट्रॉन ताऱ्याचं द्रव्य घेतलं तर उलट ती मोहरीच्या दाण्याएवढी होईल. चित्रातली किल्ली या दोघांच्या मधे कुठेतरी येते. शिवाय एवढं वजन हाताएवढ्या जागेवर टेकलं, तर कुठलाही खडक पाण्यासारखा फाकेल आणि किल्ली पृथ्वीच्या गाभ्याकडे निघेल.

१४. जस्टिस लीगचा उपग्रह २२,३०० मैलांवरच का?

कारण ती भूस्थिर कक्षा आहे. खरा आकडा ३५,७८६ किमी, म्हणजे सुमारे २२,२३६ मैल. 'जस्टिस लीग ऑफ अमेरिका'च्या अंक ७८ मध्ये (फेब्रुवारी १९७०) तो गोळाबेरीज करून आला. या उंचीवर उपग्रह पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून फिरतो आणि खालून एकाच जागी दिसतो, पण हे फक्त विषुववृत्तावरच. त्यामुळे तो न्यूयॉर्कच्या बरोबर डोक्यावर दाखवला असेल तर चित्र चुकलंय. खालून बोललेलं वर पोहोचायला ०.१२ सेकंद लागतात, उत्तर यायला तितकेच, म्हणून कथेतला थेट संवाद शक्य आहे. लीगचं चंद्रावरचं वॉचटॉवर हे वेगळं, ते १९९७ पासूनचं. तिथे मात्र एका फेरीला अडीच सेकंदांहून जास्त लागतात.

१५. सिनेमातले आकडे चालतील का? आणि इंद्रजाल कॉमिक्समधलं काही?

सिनेमातले नाही. सिनेमातलं आणि अंकातलं नोव्हेअर दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाचं माप दुसऱ्याला लावू नका. इंद्रजालचे (१९६४-१९९०) मराठी अंक वाचून मोठे झालेले बरेच जण वेताळ आणि मँड्रेकबद्दल विचारतात. त्यांचं जग बहुतांशी माणसाच्या मापाचं, म्हणून ते आम्ही या यादीत घेत नाही.

१६. दिलेला अंक शोधला तर भलताच निघाला. का?

दोन कारणं. एक, मालिका पुन्हा पुन्हा १ पासून सुरू होतात. 'ॲव्हेंजर्स अंक १' म्हणजे १९६३, १९९६, १९९८, २०१८ किंवा आणखी कुठला. म्हणून वर शक्य तिथे वर्ष दिलंय, तेही टाकून शोधा. दोन, मुखपृष्ठावरचा महिना हा विक्रीचा महिना नसतो. जुन्या काळी तो दोन-तीन महिने पुढचा छापत. 'फॅन्टास्टिक फोर'च्या पहिल्या अंकावर नोव्हेंबर १९६१ आहे, पण तो ऑगस्टमध्येच विक्रीला आला होता. इथले सगळे महिने मुखपृष्ठावरचे आहेत. संकलित खंडात वाचत असाल, तर अंकाचा क्रमांक पानाच्या खाली किंवा सुरुवातीच्या श्रेय-पानावर बघा, खंडाच्या क्रमांकाशी त्याचा संबंध नसतो.